हवाई अंतर

तिकिटावर छापलेलं : इंदूर ते नागपूर,
एक तास दहा मिनिटं.
अण्णा असते तर म्हणाले असते, हे अंतर नाही, ही मुदत झाली.
पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं त्यांनी नकाशे काढले.
अंतर म्हणजे कर्कटकाच्या दोन टोकांमधली हवा.
एक टोक इंदूरवर, दुसरं नागपूरवर,
मग पाय न हलवता, श्वास धरून
ती हवा तशीच्या तशी उचलायची
आणि खालच्या मोजपट्टीवर नेऊन ठेवायची.
तीनशे ऐंशी किलोमीटर, सरळ रेषेत.
"सरळ रेषेत कावळासुद्धा जात नाही,"
हेही तेच म्हणायचे.

निरू तरी कुठे आली सरळ रेषेत.
पहाटेची बस, बैतूल, हरदा,
आणि कन्नोदपाशी फुटलेला टायर.
इकडे घाटावर ऊन कलत होतं,
गुरुजी घड्याळ सोडून माझ्याकडे बघत होते,
आणि मी म्हटलं, आता थांबू नका.
ती पोचली तीन तासांनी.
चपला हातात घेऊन
बसत आलेल्या चितेसमोर उभी राहिली.
मला एक शब्द बोलली नाही.
त्याला अकरा वर्षं झाली.

जानेवारीतली सकाळ, बिजासनच्या टेकडीवर अजून दिवे.
तपासणीतल्या मुलीने माझ्या पर्समधून कर्कटक काढला.
"इसमें नोक है, माताजी."
आहे बाई. दोन आहेत.
वडिलांचा आहे, बहिणीला द्यायला चाललेय, हे सगळं
मी तिला सांगितलं. तिने ऐकलंही.
आणि तो ट्रेमध्ये ठेवला,
दोन कात्र्या, एक लायटर आणि कुणाच्या तरी
लोणच्याच्या बरणीशेजारी.

पंख्यांचं छोटं विमान. माझी खिडकीची जागा.
मी कन्नोद शोधत होते.
एवढं मोठं कन्नोद, अर्धं मिनिटही पुरलं नसेल.
मग नेमावरची नर्मदा,
अण्णांची निळी पेन्सिल टोक करून ओढावी तशी.
मग सातपुडा, मग पांढरं,
आणि ते पांढरं संपेचना.
खाली धुकं आहे, वैमानिक म्हणाला. थोडं थांबावं लागेल.
एक घिरटी. दुसरी. तिसरीला शेजारचे गृहस्थ
हनुमानचालीसा म्हणू लागले.
मग पंख कलला, आणि सूर्य
या खिडकीतून त्या खिडकीत गेला.

हवेत एकूण तीन तास दोन मिनिटं.
अंतर शून्य.
कर्कटकाची दोन्ही टोकं एकाच छिद्रात.

तपासणीतली मुलगी अजून पाळीवरच होती.
ट्रे पुढे सरकवत हसली,
"ले जाइए. आप तो गईं ही नहीं."

बाहेर बाकावर बसून फोन लावला.
मी येणार हे फक्त भाचीला, ऋजुताला, माहीत होतं,
म्हणजे माझा तसा समज होता.
"निघाले होते गं," मी म्हटलं, "पोचता नाही आलं."
पलीकडे हॉर्न, हमालाच्या गाडीची चाकं.
"माहितेय," निरू म्हणाली. "मी सोनेगावलाच आहे,
विमानतळावर. आठ वाजल्यापासून.
दिसत काहीच नव्हतं. पण तीनदा डोक्यावरून गेलीस.
मोजलं मी."
मी गप्प.
"सगळे म्हणाले, विमान परत गेलं, जा आता घरी.
म्हटलं, थांबते थोडी."

घरी येऊन जुना नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला.
नागपूरवर एक टोक ठेवलं,
दुसरं कुठे ठेवायचं ते कळेना.
ती खाली, मी वर, मध्ये धुकं,
एवढं जवळ अकरा वर्षांत आलो नव्हतो.
उभं अंतर नकाशात मावत नाही,
आणि अण्णांनी ते मोजायला शिकवलं नाही.

परवाचं तिकीट मिळालंय.
या खेपेला कर्कटक सामानात टाकायचा आहे,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून,
दोन्ही टोकांना खोडरबराचे तुकडे खोचून.